तेलकट भिंत

पाहुणा "आमच्यासाठी काही करू नका हं" म्हणाला, की कोकणातला माणूस हमखास नारळ फोडायला घेतो. कुशाबाने वेगळं काय केलं? अनुजाने बजावलं होतं, "आबा, संग्रहालयाचे साहेब रविवारी खोली बघायला येतायत. आहे तशीच ठेवा." कुशाबा हो हो म्हणाला आणि गाववाल्या दत्तारामला हाताशी धरून त्याने खोलीला आकाशी ऑइलपेंटचे दोन हात मारून टाकले.

खोली लालबागला, पण मालकी सगळ्या गावाची. गिरण्यांच्या काळात गावकऱ्यांनी मिळून घेतलेली. पाळीपाळीने माणसं तिथे जेवली, झोपली, कामावर गेली. आता गिरण्या बंद, माणसं डोंबिवली-विरारला पांगली, आणि खोली कुरिअरवाल्याला गोदामासाठी द्यायचं गावाच्या मंडळात घाटत होतं. त्या बातमीने कुशाबाला घास गोड लागेना. तेव्हा अनुजा मदतीला आली. ती त्याच्या गेलेल्या दोस्ताची, राजारामची नात, संग्रहालयात नोकरीला. साहेबांना पसंत पडली तर खोली आहे तिथेच जपायची आणि सांभाळायची गाववाल्यांनीच, असं तिने जमवून आणलं होतं.

रविवारी सकाळी ती आली आणि दारातच थबकली.

"आबा, डाग कुठे गेले?"

"घालवले ना! आधी सोड्याने घासले. बघ कशी चकाचक झाली भिंत."

अनुजा मटकन ट्रंकेवर बसली. साहेब यायचे होते ते त्या डागांसाठीच. जेवणं झाली की जो तो आपापल्या जागी भिंतीला टेकून बसायचा. खोबरेल चोपडलेल्या त्या डोक्यांचे काळपट गोल भिंतीवर रांगेने उमटले होते.

"त्यात माझ्या आजोबांचाही होता," ती म्हणाली.

कुशाबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांसमोर कळकट भिंत नको, या लाजेपायी त्याने राजारामची खूण आपल्याच हाताने पुसली होती. पण हातपाय गाळणारा माणूस नव्हता तो. साहेब दुपारी येणार होते. त्याने मोबाइल काढला आणि सगळ्या जुन्या मंडळींना फोन लावत सुटला. "असशील तसा नीघ. लुंगीवर असशील तर लुंगीवर ये!"

दुपारी अभय साहेब आले तेव्हा खोलीत भांडण जुंपलं होतं.

"मेल्या, सरक तिकडे! खिडकीजवळची जागा माझी," रामदास ओरडत होता.

"तुझी कसली? मी निजायचो हिते," दत्तारामने बूड हलवलं नाही.

शेवटी कुशाबाने निवाडा केला. "रामदास रातपाळीचा, दिवसा जागा त्याची. आता दुपार आहे. दत्त्या, तू काळोख पडल्यावर बस."

दत्ताराम पुटपुटत उठला. बाकीचे केव्हाच बसले होते. कोऱ्या भिंतीवर खूण नाही, रेघ नाही, तरी एकाचीही जागा चुकली नाही. कुशाबाशेजारी तेवढी एक मोकळी होती. दत्ताराम उभा राहिला, पण तिथे टेकला नाही. साहेब बसायला गेले तर सगळे एकदम ओरडले, "तिथे नको! ती राजारामची!"

साहेब चटकन मागे झाले. कोऱ्या भिंतीवरून आणि तिला टेकलेल्या त्या म्हाताऱ्यांवरून त्यांनी नजर फिरवली. मग म्हणाले, "खोली आम्ही घेतोय. पण अट आहे. दर रविवारी तुम्ही इथे असंच येऊन बसायचं, लोकांना सगळं सांगायचं. चालेल?"

"न चालायला काय झालं?" रामदास म्हणाला. "घरी सुना रिमोट हातात देतात कुठे?"

खोलीभर हसू उसळलं. कुशाबाने डोळे पुसले. कोणी बघितलं तरी आज त्याला पर्वा नव्हती.

अनुजा दाराशी उभी होती. त्याने शेजारची जागा थोपटली.

"बस गो बाय. तुझीच आहे."

ती आत आली, अंग चोरून बसली आणि तिने डोकं हळूच भिंतीला टेकवलं. कुशाबाने तिच्या भुरभुर उडणाऱ्या केसांकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"पुढच्या रविवारी तेल थापून ये," तो म्हणाला. "नुसत्या शाम्पूने डाग पडायचा नाय."