तू हात लावू नकोस!

सोमवारी सकाळी तिने कॉम्प्युटरचं बटण दाबलं. टेबलाखालच्या डब्यातला पंखा घुरघुरायला लागला, पुढचा छोटा दिवा लागला, पण मॉनिटर मात्र ढिम्म! काळ्या पडद्यावर ‘सिग्नल नाही’ अशी अक्षरं उमटली आणि जराशाने तीही विझली. तिने सगळं बंद केलं, पुन्हा चालू केलं. मॉनिटरच्या पाठीत एक हलकी चापटी मारून पाहिली, तुम्ही-आम्ही सगळेच मारतो तशी. त्याने काही होत नाही हे आपल्याला ठाऊक असतं, तरी मारतो.

तिने घड्याळाकडे पाहिलं. कारण आजचा दिवस नेहमीचा नव्हता.

तशी ती या घरातली सूनबाई. पण सूनबाई म्हणायचं तर आता कानाजवळचे केसही पांढरे व्हायला लागले होते. लग्नाआधी ती टायपिस्ट होती. मग मूल, मग सासऱ्यांचं लांबलेलं आजारपण, आणि या सगळ्यात नोकरी कधी सुटली ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. आता इतक्या वर्षांनी तिला काम मिळालं होतं. एक संस्था जुन्या कारागिरांच्या मुलाखती रेकॉर्ड करत होती आणि त्या ऐकून शब्दन् शब्द लिहून काढायच्या होत्या. सध्या काम चाचणीवर होतं. शेवटची मुलाखत आज संध्याकाळपर्यंत पाठवायची आणि मग ठेवायचं की नाही ते ठरणार. मागे एकदा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून तिचं काम उशिरा गेलं होतं. तेव्हा संस्थेतल्या बाई म्हणाल्या होत्या, “काम छान करता हो तुम्ही. पण दर वेळी असं झालं तर आम्ही कसं करायचं?” बोलल्या गोडच, पण ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं होतं.

तिने नवऱ्याला फोन लावला. नवरा विमा कंपनीत कारकून. पण घरात त्याचं नाव ‘इंजिनियर’. दर रविवारी तो कॉम्प्युटरची ‘सर्व्हिसिंग’ करायचा. तेव्हा त्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, असा दंडक. दार लोटून साहेब आत बसायचे, डबा उघडायचे, ब्लोअरने धूळ उडवायचे, सगळ्या वायरी काढून पुसून पुन्हा लावायचे, शिवाय आणखी काहीबाही करायचे आणि लढाई जिंकून आल्यासारखे बाहेर येऊन चहा मागायचे. एवढं झाल्यावर मशीन सुरू करून बघायची गरज मात्र त्यांना कधी वाटली नाही.

“अहो, कॉम्प्युटर सुरूच होत नाहीये.”

“काय केलंस?”

“मी काय करणार? बटण दाबलं.”

“तरीच! तू हात लावू नकोस हं आता. काहीतरी जाळून ठेवशील. संध्याकाळी येऊन बघतो मी.”

“संध्याकाळी काय उपयोग? संध्याकाळपर्यंत पाठवायचंय मला.”

“मग त्यांना सांग ना, बिघडलाय म्हणून. त्यात काय एवढं! समजून घेतील. ठेवू? साहेब बोलावतायत.”

फोन बंद झाला. ती तशीच खुर्चीत बसून राहिली. त्यात काय एवढं! डोळ्यांत पाणी यायला लागलं, आणि त्या पाण्याचाही तिला राग आला.

तेवढ्यात सासूबाई चहाचे दोन कप घेऊन आत आल्या. सगळी गल्ली त्यांना ‘सिस्टर’ म्हणायची. उभी हयात त्यांनी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली होती. आता गुडघे कुरकुरत होते, पण नजर आणि जीभ दोन्ही शाबूत.

“कोण गेलं?” त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघत विचारलं.

“कुणी नाही हो आई. कॉम्प्युटर गेला.”

“मग रडतेस कशाला? बघ काय झालंय ते.”

“मी? मला काय कळतंय त्यातलं! ह्यांनी हात लावू नको म्हणून सांगितलंय.”

सिस्टरनी कप टेबलावर ठेवले आणि त्या पलंगाच्या कडेला बसल्या. “एक सांगू? मी पहिल्यांदा इंजेक्शन द्यायला उभी राहिले तेव्हा हात असा लटलट कापत होता. आमच्या मोठ्या सिस्टर शेजारी उभ्या होत्या. त्यांनी सिरिंज माझ्या हातातून काढून घेतली असती ना, तर पेशंटला लवकर टोचून झालं असतं. पण मी जन्मभर ट्रे धरूनच उभी राहिले असते! त्यांनी हात मागे बांधले आणि तोंडाने सांगत राहिल्या. या घरात तुझ्या हातातून सिरिंज काढून घेतात, आणि तू गुमान देतेस.”

“पण आई, आणखी बिघडलं तर?”

“आत्ता काय मोठं धडधाकट आहे! आतलं काही उघडायचं नाही, जोर लावायचा नाही, एवढं पाळलं म्हणजे झालं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण पेशंट तपासायचा कसा ते कळतं. आधी सांग, त्या पडद्यावर काय आलं होतं?”

“सिग्नल नाही, असं.”

“हे कोण सांगतंय?”

ती क्षणभर थांबली. “मॉनिटर.”

“म्हणजे तो जिवंत आहे. बोलतोय की! आणि खाली पंखा फिरतोय. म्हणजे डब्यातही धुगधुगी आहे. मग अडलंय कुठे?”

“मधल्या वायरमध्ये!” ती म्हणाली, आणि आपणच हे बोललो याचं तिला नवल वाटलं.

“आता काल काय झालं ते आठव. दुखणं नेमकं सोमवारीच का येतं?”

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काल रविवार होता! मागचं काम उशिरा गेलं तोही सोमवारच होता, हेही तिला आता आठवलं.

तिने पदर खोचला. कॉम्प्युटर बंद केला, भिंतीचं बटणही बंद केलं. वायरींना हात लावण्याआधी मोबाइलवर मागच्या बाजूचा फोटो काढला, म्हणजे गोंधळ झाला तर पुन्हा होतं तसं लावता येईल. ही युक्ती तिची स्वतःची. मग ती टेबलाखाली शिरली. आधी तिने मॉनिटरची वायर आहे तिथेच घट्ट बसवली. बाहेर येऊन सुरू करून पाहिलं. पडदा काळाच.

“ती दुसरी वायर पण बदलून बघू का? आणि कीबोर्डची सुद्धा?” तिला आता घाई झाली होती.

“अजिबात नाही!” सिस्टर कडाडल्या. “एका वेळी एकच औषध. सगळी एकदम दिलीस तर गुण कशाने आला ते कळणार कसं?”

पुन्हा सगळं बंद. पुन्हा टेबलाखाली. या खेपेला तिने मोबाइलचा उजेड पाडून नीट पाहिलं. मॉनिटरची वायर जिथे बसते तशा खाचा मागे दोन होत्या, अगदी जुळ्या. एक वर, कीबोर्ड आणि माउसच्या वायरींशेजारी. दुसरी बरीच खाली, वेगळ्या आडव्या पट्टीवर. वायर वरच्या खाचेत होती.

“आई, दोन जागा आहेत इथे. वरची कोरी करकरीत दिसतेय. खालच्या खाचेच्या कडा घासून चकचकीत झाल्यात.”

“मग रोजची शीर कोणती? जिथे सुया टोचल्याच्या खुणा असतात ती!”

तिने वायर हळूच काढली, खालच्या खाचेत बसवली, बाहेर आली, कपाळावरची धूळ मनगटाने पुसली आणि बटण दाबलं. पंखा घुरघुरला. दिवा लागला. आणि पडदा उजळला! निळाशार, झगझगीत उजळला! डब्यात चित्रासाठी वेगळं कार्ड बसवलेलं असलं की बहुतेक वेळा वरची खाच नुसती नावाला उरते. रविवारच्या सर्व्हिसिंगमध्ये इंजिनियर साहेबांनी वायर चुकीच्या घरात घातली होती, एवढंच!

“झालं! आई, झालं!” ती लहान मुलीसारखी ओरडली. सिस्टरनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. त्यांना आनंद झाला की त्या असंच काहीतरी करत.

ती कामाला बसली. हेडफोन कानाला लावून ती झरझर टाइप करायला लागली. मुलाखत एका म्हाताऱ्या सुताराची होती, आणि तो शिसवी लाकडाबद्दल इतक्या मायेने बोलत होता की सकाळची उलघाल ती विसरून गेली. दुपार कलली. शेवटचं वाक्य लिहून तिने ‘सेव्ह’ दाबलं. टुण्ण! पडद्यावर एक चौकट उगवली. तिने सवयीने ती चटकन बंद केली. पुन्हा सेव्ह. पुन्हा टुण्ण.

“काय म्हणतंय ते?” पलंगावरून सिस्टरचा आवाज आला. त्यांचा डोळा लागलाय असं तिला वाटलं होतं.

“काय माहीत. बंद केलं मी.”

“अगं, पेशंट काहीतरी सांगत होता आणि तू त्याचं तोंड दाबलंस! वाच की आधी.”

मंडळी, अशा चौकटी आपण किती न वाचता बंद केल्या असतील! तिने या वेळी वाचली. साधी गोष्ट लिहिली होती: डिस्कवर जागा शिल्लक नाही. मग तिने कुठल्या फोल्डरने किती जागा व्यापली ते पाहिलं. एका फोल्डरने जवळजवळ सगळं घरच बळकावलं होतं. दर रविवारी डबा उघडण्याआधी साहेब सुरक्षिततेसाठी सगळ्या फाइलींची एक अख्खी नक्कल करून ठेवत, आणि ती ठेवत त्याच डिस्कवर! म्हणजे घराला आग लागेल म्हणून दागिने त्याच घरातल्या दुसऱ्या कपाटात हलवायचे.

“उडवून टाकू का जुन्या नकला?” तिचं बोट माउसवर शिवशिवत होतं.

पण तिने स्वतःच ते मागे घेतलं. “नको. ते ह्यांचं आहे. त्यांना विचारून काय ते करू.” तिने कपाटातला पेनड्राइव्ह काढला, आपलं लिखाण त्यावर सेव्ह केलं, उघडून शेवटच्या ओळीपर्यंत तपासलं आणि संस्थेला पाठवून दिलं. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता.

इंजिनियर साहेब आले ते पायातले बूट काढता काढताच बाह्या सरसावत. “ऊठ बघू. बघतो काय करून ठेवलंयस ते.” आणि खोलीत येऊन थबकले. कॉम्प्युटर सुरू होता.

“कोणाला बोलावलं होतंस?”

“कुणाला नाही. मी केला.”

“तू?” तो हसला. तिने मोबाइल पुढे केला. फोटोत वायर वरच्या खाचेत होती. त्याने फोटो मोठा करून पाहिला, मग वाकून टेबलामागे पाहिलं, मग पुन्हा फोटो पाहिला. हसू मावळलं.

“माझ्या हातून लागली असेल चुकून. पण तू धोका पत्करायला नको होतास. तुला त्रास नको म्हणूनच मी सगळं बघतो ना!”

“अरे, त्रास नको म्हणून की तुझ्यावाचून अडावं म्हणून?” सिस्टरनी विचारलं. “माणसाला चालायला शिकवायचं की जन्मभर कडेवर घेऊन, माझ्यामुळे फिरतो म्हणून मिरवायचं? आज तिचं काम बुडालं असतं. तू म्हणालास, त्यात काय एवढं! तुझी नोकरी असती तर असं म्हणाला असतास?”

त्याने सरसावलेल्या बाह्या खाली केल्या. मग खुर्चीच्या पाठीवर हात टेकून, कुणाकडेच न बघता म्हणाला, “खरं सांगू? ऑफिसात मला कुणी काही विचारत नाही. नुसत्या सह्या करतो. घरात ही एक गोष्ट होती, जिथे सगळे मला हाक मारायचे.”

तिला एकदम भरून आलं. सकाळपासूनचा राग होता, तो होताच. पण त्याच्या त्या ‘इंजिनियर’पणाच्या आड इतका साधा माणूस उभा असेल असं तिला वाटलं नव्हतं.

“हाक मी मारीनच की,” ती म्हणाली. “पण ‘करून द्या’ म्हणून नाही. ‘सांगा’ म्हणून. आणि माझं काम म्हणजे ‘त्यात काय एवढं’ नाही. हे शब्द मला पुन्हा ऐकायचे नाहीत.”

“नाही म्हणणार,” तो म्हणाला. “चुकलं माझं.”

त्या आठवड्यातच संस्थेतल्या बाईंचा फोन आला. काम पक्कं झालं! नव्या मुलाखती त्यांनी लगेच पाठवून दिल्या.

पुढच्या रविवारी खोलीचं दार उघडं होतं. टेबलाशी ती बसली होती आणि तो शेजारच्या स्टुलावर. सवयीने त्याचा हात माउसकडे झेपावे आणि ती नुसती बघे. तेवढ्याने तो हात मागे जाई. “उजवीकडे… नाही, त्याच्या वरचं,” तो सांगत होता. एके ठिकाणी ती थांबली. “हे असंच का करायचं?” तो विचारात पडला. मग डोकं खाजवत म्हणाला, “खरंच गं, का ते मलाही माहीत नाही. कधीपासून नुसतं करतोय.” दोघं हसली आणि शोधायला लागली.

वाचकहो, तुमच्या-माझ्या घरातही कुणीतरी असतं. बायको असते, वडील असतात, आत्या असते. ते माउसवर हात ठेवून चाचपडत असतात आणि आपण घाईघाईने म्हणतो, “सरक, मी करतो.” काम पटकन होतं. पण त्याबरोबर त्या माणसाला आपण हेही सांगतो, की हे तुझ्या आवाक्यातलं नाही. हळूहळू त्यालाही ते खरं वाटू लागतं, आणि एखाद्या दिवशी त्याची भाकरी त्यावरच अडते. तेव्हा ज्ञान असेल तर ते जरूर द्या, मन मोठं करून द्या. फक्त तोंडाने सांगा, आणि हात त्यांचे चालू द्या. त्यांना वेळ लागेल. तो लागू द्या.