चौथ्या माळ्यावरचं गुडघेतेल

सांगितलं तर कोणाला पटणार नाही, पण करी रोडच्या एका चाळीत गुडघ्यांना पंख फुटले होते. दर रविवारी चौथ्या माळ्याच्या गॅलरीत हेरंबबुवा माइक धरून बसायचे. त्यांचं तेल महिनाभर चोळलेली माणसं जिने चढून यायची आणि माइकवर सांगायची, "बुवा, गेलेला गुडघा परत आला." एक आजोबा तर म्हणे इतक्या वेगात चढले, की थांबायचं विसरून गच्चीवरच्या टाकीला धडकले.

"वर येऊन कोणी म्हणालं, गुण नाही आला?" बुवा विचारायचे. खालची गर्दी माना हलवायची. कोणीच नाही.

तळमजल्यावरच्या मालनकाकी दाराशी खाटेवर बसून ऐकायच्या. महिनाभर तेल चोळूनही त्यांचा ठणका तसूभर हलला नव्हता. आठ महिने थांबल्यावर इस्पितळाने ऑपरेशनला येता गुरुवार दिला होता. मुलगा राजेश म्हणत होता, "आई, सगळ्यांना गुण येतोय, तुझाच विश्वास कमी पडतोय. तारीख रद्द करू, अजून एक बाटली लावू." काकींनाही वाटू लागलं, खोट आपल्याच भक्तीत.

शेजारची संघमित्रा पालिकेच्या दवाखान्यात नर्स. तिने विचारलं, "काकी, गुण नाही आला, हे वर जाऊन का नाही सांगितलंत?"

"कशी जाऊ गो? गुडघा वाकत नाय, चार माळे चढू कशी?"

संघमित्रा हसत सुटली. काकी आधी चिडल्या, मग त्यांनाही उमगलं.

दोन दिवसांत संघमित्राने तेल नेलेल्या प्रत्येक घराचं दार वाजवलं. लावणारे तीस. वर चढलेले नऊ, बाकी एकवीस घरात कण्हत. मग ती पलीकडच्या चाळीत गेली. तिथे तेल पोचलंच नव्हतं, तरी तीस दुखऱ्या गुडघ्यांतले दहा महिन्याभरात आपसूक बरे झाले होते.

रविवारी तिने चाळीच्या मंडळाचा दुसरा माइक खाली चौकात लावला. "बुवा, तेलाने तिसांत नऊ, बिनतेलाने तिसांत दहा. तुमचं तेल काहीच न करण्याच्याही एक गुडघा मागे आहे." मग गर्दीकडे वळली. "बरा झालेला तेवढाच मोजू नका. लावलेले सगळे मोजा, न लावलेलेही मोजा, मग काय ते ठरवा."

बुवा वरून गरजले, "हिला काय कळतंय? माझं तेल लावलेला प्रत्येक जण इथे गॅलरीत उभा आहे."

काकींनी खाटेवरूनच माइक मागून घेतला.

"खोटं बोलतोस, बुवा. मी हय खाली बसलंय. राजेश, गुरुवारी टॅक्सी सांग."