विमानाचे सुटे भाग

परत आली म्हणे! कंपनीचा माणूस दुकानात येऊन असं सांगत होता, जसं काही हरवलेलं पोर घरी आलं. "ताई, जुनी किट्स परत आली! तेच साचे, तेच खोके, खोक्यावरचं चित्रसुद्धा तेच!" मी म्हटलं, मग इतकी वर्षं कुठे उलथला होतात? तो हसला. मी काही हसण्यासारखं बोलले नव्हते.

रंग, ब्रश, वह्या आणि जोडायच्या प्लास्टिक किटांचं दुकान आहे माझं. विमानं, जहाजं, रणगाडे. प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेला एकेक भाग कापायचा, घासायचा, चिकटवायचा, रंगवायचा. जुनी किट्स आल्यापासून दुकानात पोरं कमी आणि पन्नाशीचे बाप्ये जास्त. खोकं छातीशी धरतात, डोळ्यांत पाणी आणतात, आणि घरी नेऊन कपाटात ठेवतात. उघडत नाहीत! वरचा पारदर्शक कागद फाटला की खोक्याची किंमत गेली, हा त्यांचा नियम. झाकली मूठ सव्वा लाखाची. अहो, मग विटा घ्या आणि ठेवा की कपाटात! मला या लोकांचा राग येतो आणि मी तो लपवत नाही. दुकान चालतं ते आमच्या ह्यांच्या गोड बोलण्यावर.

पण त्या मालात पाण्यावर उतरणारं विमान होतं. चार पंख्यांचं, होडीसारख्या पोटाचं. ते बघितलं आणि मला दादा आठवला. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, ते लहानपणी मिळालं होतं. परीक्षेत नापास झाला म्हणून वडिलांनी ते न उघडताच उचललं आणि आपल्या साहेबांच्या मुलाला देऊन टाकलं. दादा रडला नाही की भांडला नाही. पुढे जन्मभर बस चालवली. दुकानात आला की सहज विचारल्यासारखं विचारायचा, "ते पाण्यावरचं येत नाही का गं आता?"

आणि आता ते आलं, तर दादाचे डोळे चालले होते. नजरेच्या मधोमध एक डाग, आणि तो पसरत जाणारा. त्याची बस काढून घेतली. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कडेकडेचं दिसत राहील, पण काही बारीक काम राहिलं असेल तर आत्ताच उरकून घ्या. मी तिथेच ठरवलं, दादा ते विमान जोडणार. स्वतःच्या डोळ्यांनी बघून जोडणार.

त्या विमानाची दोनच खोकी आली होती. पुढचा माल पुढच्या वर्षी. एक पहिल्याच दिवशी गेलं. दुसरं मी काउंटरखाली ठेवलं, आणि ह्यांना दोनदा बजावलं, हे दादाचं.

दुसऱ्या दिवशी वाकून बघते तर जागा रिकामी.

"अहो, खोकं कुठंय?"

"अगं, ते दातांचे डॉक्टर आले होते," हे म्हणाले. "फार मागे लागले. पहिलं त्यांनीच नेलं होतं ना, त्यांना जोडी लागते."

"जोडी? चपला आहेत का त्या?"

"जुनं गिऱ्हाईक आहे. नाही कसं म्हणायचं? दादाला पुढच्या वर्षी देऊ की."

पुढच्या वर्षी! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाला कुणालाच नाही म्हणता येत नाही, आणि त्या सगळ्या नाहींचा साठा मलाच करून ठेवावा लागतो. "पुढच्या वर्षी दादाला पांढरी काठी द्या," मी म्हटलं, गल्ल्यातून डॉक्टरांचे पैसे काढले आणि एप्रनसकट रस्ता ओलांडला.

दवाखाना समोरच. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, या डॉक्टरांचं मात्र छान भरलं होतं. रांग मोडून सरळ आत शिरले. खुर्चीत एक बाई आ वासून पडल्या होत्या. दोन्ही खोकी टेबलामागच्या काचेच्या कपाटात, शेजारी शेजारी.

"डॉक्टर, हे तुमचे पैसे. चुकून विकलं गेलं. माझ्या भावाचं आहे ते."

"ताई, व्यवहार झाला," ते हातमोजे काढत म्हणाले. "पुढचा लॉट येईल तेव्हा भावाला द्या."

"त्याला तेव्हा दिसणार नाही. डोळे चाललेत त्याचे."

"अरेरे. वाईट झालं." त्यांनी कपाटाकडे बघितलं. "पण या पहिल्या लॉटची गोष्टच वेगळी आहे हो."

"तुम्ही जोडणार आहात का ते?"

"छे! उघडायचं नसतं."

त्या 'छे'नं घात केला. मी कपाट उघडलं, खोकं बाहेर काढलं, एप्रनच्या खिशातलं कटर घेतलं आणि वरचा कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत सर्रकन कापला. डॉक्टरांच्या तोंडातून असा आवाज निघाला, जो एरवी त्यांच्या खुर्चीतल्या माणसाच्या तोंडातून निघतो.

"आता हे तुमच्या काय कामाचं?" मी म्हटलं.

त्यांनी हातानंच 'न्या' म्हणून खूण केली. खुर्चीतल्या बाई तोंड न मिटता हसत होत्या. मी पैसे टेबलावर ठेवून निघाले. गिऱ्हाईक गेलं तर गेलं.

तशीच दादाकडे गेले. खोकं त्याच्या मांडीवर ठेवलं. त्यानं झाकण काढलं आणि आत नाक घालून वास घेतला. "आहे," म्हणाला, "तोच वास." कितीतरी वेळ हात फिरवत बसला. मी म्हटलं, दर रविवारी येते, दोघं मिळून करू.

"नको गं मिरचे," तो म्हणाला. लहानपणापासून हेच म्हणतो मला. "रविवारीच तुझं दुकान चालतं. मी करीन निवांत."

"घाई कर थोडी. वेळ नाहीये."

"हो, हो."

एक रविवार मी कसाबसा काढला. दुसऱ्या रविवारी राहवेना. गेले, तर दादा जेवणाच्या टेबलाशी बसलेला, समोर स्टीलचं पातेलं, आणि पातेल्यात अख्खं विमान! प्रत्येक भाग चौकटीतून कापून टाकलेला. पंख, चाकं, खिडक्या, पंख्यांची पाती, सगळी खिचडी. रिकाम्या चौकटी कचऱ्याच्या डब्यातून डोकं काढून बघत होत्या.

किट जोडणारा माणूस हे कधी करत नाही. भागाचा नंबर भागावर नसतो, तो चौकटीवर असतो, भागाच्या शेजारी. एक भाग कापायचा, तो लावायचा, मग दुसरा. सगळे एकदम सुटे केले की कुठला काय हे समजायचं नाही. दुकानात पहिल्यांदा येणाऱ्या पोराला मी हे आधी सांगते.

"हे कुणी केलं?"

"मी," वहिनी म्हणाल्या. ओट्याशी कप पुसत उभ्या होत्या.

"तुम्ही? कुणाला न विचारता? वहिनी, नंबर गेले सगळे! मी त्या दातवाल्याच्या घशातून खोकं काढून आणलं, अख्ख्या रस्त्यासमोर तमाशा केला, आणि तुम्ही भाजी चिरल्यासारखं चिरून ठेवलंत? त्याच्याकडे दिवस किती उरलेत ते माहितीये ना तुम्हाला? तुम्हाला हौस होती तर शेवग्याच्या शेंगा सोलायच्या होत्या!"

 वहिनींचा कप पुसून झाला होता, तोच त्या परत पुसायला लागल्या. ते बघून मी आणखीच भडकले.

"तिला बोलू नकोस," दादा म्हणाला. "मीच सांगितलं कापायला."

"तू? तुला अक्कल आहे का? आता हा भाग कुठला सांग!" मी पातेल्यातून एक तुकडा काढून त्याच्या हातात कोंबला, खोक्यातला जोडणीचा मोठा कागद ओढून त्याच्यापुढे आपटला. "बघ यात! सांग!"

दादानं कागद जवळ घेतला. मान जरा तिरकी केली. बोट ठेवलं, खाली सरकवलं, परत वर आणलं.

"हं," म्हणाला. "इथे कुठेतरी असेल. बघतो."

मी रागाच्या भरात कागद उलटा आपटला होता. वरची बाजू कोरी होती. पांढराशुभ्र कागद, आणि दादा त्यावर बोट फिरवत होता.

वहिनींनी कप खाली ठेवला.

"कधीपासून?" मी विचारलं.

"खोकं यायच्या आधीपासून," वहिनी म्हणाल्या. "वाचायचं तर केव्हाच गेलं, वन्सं. माणसंसुद्धा हे चालीवरून ओळखतात. चौकटीत बोटं अडकत होती, रक्त काढलं दोनदा. सुटं दिलं तर हाताला कळेल म्हणाले, म्हणून मी दिलं सुटं करून."

दादानं कागद बाजूला सारला आणि टेबलाच्या कडेला ठेवलेलं काहीतरी चाचपून पुढे ओढलं. विमानाचं पोट. दोन्ही अर्धे भाग चिकटवलेले, सोल्युशन बाहेर ओघळलेलं, एक बाजू किंचित वर. माझ्या दुकानात कुणी असं आणून दाखवलं असतं तर मी त्याला हसले असते.

"मला का नाही सांगितलंस?" माझा आवाज चिरकला. "एवढी मोठी गोष्ट, आणि मला नाही?"

"तू ओरडली असतीस," दादा म्हणाला.

"मी? मी कशाला ओरडेन?" मी ओरडले.

शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. वहिनी भिंतीकडे बघत होत्या. दादाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. थकवा होता, पाहुणे उठायची वाट बघणाऱ्या माणसासारखा. माझ्यासमोर डोळस असल्याचं नाटक करून तो थकला होता. मला त्या डागाचा राग आला, डॉक्टरीणबाईंचा आला, वहिनींना हे आधी कळलं याचा सगळ्यात जास्त आला, आणि त्यातला एकही राग तिथे काढायला जागा नव्हती.

दादानं पातेल्यात हात घातला, ढवळला, एक तुकडा वर काढून दोन बोटांत फिरवला. "हे पातं," म्हणाला. "पंख्याचं. चार पंखे आहेत, याचा कुठला ते कळत नाही. तुला दिसतंय ना? मग तू कागदावरचं चित्र बघ आणि मला सांग." त्यानं हात पुढे धरला.

"पण हळू सांग."

मी खुर्ची ओढून बसले, कागद सुलटा केला, पात्याचं चित्र शोधलं. ते लगेच सापडलं. डावीकडचा बाहेरचा पंखा. मी तोंड उघडलं, आणि हळू कसं बोलतात तेच मला जमेना.