अकरा नंबरचं कार्ड

ताई जाऊन दोन महिने झाले तरी अकरा नंबरचं कार्ड दुकानातल्या खिळ्याला लटकत होतं. मी काढलं नव्हतं. काढलं असतं तर का काढलं ते सांगावं लागलं असतं.

आमचं सायकलचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. रस्ता संपतो तिथे समुद्र, आणि मागे वळून बघितलं की लगेच डोंगर. खाऱ्या हवेने इथे चेन पंधरा दिवसांत तांबडी होते, त्यामुळे धंद्याला मरण नाही असं ताई म्हणायची. पण लोक लांबलांबून यायचे ते चेन बदलायला नाही. ताईच्या कार्डांसाठी यायचे.

पोस्टकार्डाएवढं कार्ड. पुढे हाताने काढलेला रस्ता, चढ कुठे, पाणी कुठे, कुत्री कुठे. कुत्र्यांची नावंसुद्धा असायची. मागे तारीख, वार, किती वाजता बसले, किती गाड्या गेल्या, आणि खाली तिची सही. अशी अकरा कार्डं तिने नऊ वर्षांत केली. म्हणजे वर्षाला एक आणि थोडं. यावरून कळेल की घाई हा शब्द तिच्या गावीही नव्हता.

ती फक्त शांत रस्त्यांची कार्डं करायची. आणि शांत म्हणजे काय, याचं तिचं स्वतःचं माप होतं. दोघं जण शेजारीशेजारी सायकल चालवतायत, बोलतायत, आणि बोलणं मधेच तुटत नाही, तो शांत रस्ता. 'गप्पांचा रस्ता' म्हणायची ती त्याला. तासाला सहा गाड्यांच्या वर गेलं की गप्पा तुटतात. हे तिने कुठे वाचलं नव्हतं. दाजींना शेजारी घेऊन, त्यांना बोलायला लावून शोधून काढलं होतं. दाजी बोटींची इंजिनं दुरुस्त करतात आणि दिवसाला दहा वाक्यं बोलतात. त्यांना बोलायला लावायचं म्हणजे चेष्टा नाही.

मोजायची पद्धत ठरलेली. घडीचं स्टूल घ्यायचं, वळणावर सावली बघून बसायचं, हातात ते बटणाचं यंत्र. एक गाडी गेली की एकदा दाबायचं, आकडा पुढे सरकतो. एक तास. आणि हे दोनदा करायचं, एकदा सुट्टीच्या दिवशी, एकदा कामाच्या दिवशी. दोन्ही आकडे सहाच्या आत आले तरच कार्ड.

अकरा नंबरचं मोजायला तिने मला पाठवलं. तिचा गुडघा सुजला होता.

"बारक्या, दोनदा हं."

"हो गं."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. तिथे जाऊन बस."

"ताई, मी काय लहान आहे का?"

"लहान असतास तर बरं झालं असतं. लहानपणी ऐकायचास."

रविवारी गेलो. समुद्रावरून सरळ वर चढतो तो रस्ता, सात वळणं, चौथ्या वळणावरून खाली बंदराचा धक्का काडेपेटीएवढा दिसतो. तासभर बसलो. दोन गाड्या. एक दूधवाला आणि एक नवरा-बायको भांडत चाललेले. इतकं शांत की त्यांचं भांडण मला पुढच्या वळणापर्यंत ऐकू आलं.

कडेच्या झाडांच्या पानांवर पांढरी धूळ होती. खूप. हाताला लागली, पँटला पुसली. कसली आहे असा प्रश्न मला पडलाच नाही, असं मी सगळ्यांना सांगू शकतो. पण पडला होता. पडला आणि मी तो तसाच खाली टाकून उतरलो.

मंगळवारी ऊन होतं आणि टीव्हीवर मॅच होती. मी मित्राकडे पंख्याखाली बसून मॅच बघितली. संध्याकाळी घरी येऊन ताईला सांगितलं, चार. दोन सांगितलं असतं तर तिला शंका आली असती. चार खरं वाटतं. इतका विचार मी केला होता, म्हणजे आळशी होतो पण बिनडोक नव्हतो.

"चार? नक्की?"

"अगं नक्की."

तिने चार लिहिलं. खाली सही केली.

डोंगराच्या पलीकडच्या अंगाला त्याआधी दीड महिना दगडाची खाण सुरू झाली होती. डंपर त्याच रस्त्याने उतरतात. रविवारी खाण बंद असते.

तीन आठवड्यांनी, मंगळवारी सकाळी, ताई त्या रस्त्यावर गेली. गुडघा नुकताच बरा झाला होता. चौथ्या वळणावर उतरताना डंपरने तिला घेतलं. त्याबद्दल मी एवढंच लिहिणार आहे.

मग लोक बोलायला लागले. वाईट कोणीच बोलत नव्हतं, त्याचाच जास्त त्रास. समोरचा न्हावी माझी दाढी करता करता म्हणाला, "नऊ वर्षं दुसऱ्यांना रस्ते दाखवले बाईंनी. आणि स्वतःच्याच कार्डावर चूक. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं झालं."

वस्तरा गळ्यावर होता म्हणून मी गप्प बसलो. वस्तरा नसता तरी गप्पच बसलो असतो.

आई रोज एकच प्रश्न विचारायची. "एवढी काटेकोर पोरगी, चार कसं लिहिलं तिने?" विचारायची आणि उत्तराची वाट न बघता भांडी घासायला घ्यायची. घासलेलीच भांडी परत. मी मूग गिळून जिन्यावर बसायचो.

दाजी काही विचारायचे नाहीत. संध्याकाळी धक्क्यावरून यायचे, दुकानात स्टुलावर बसायचे, डिझेलचे हात पुसायचे. माझ्याकडे बघायचे. मला वाटायचं, दुःखाने बघतायत.

गेल्या बुधवारी सायकल क्लबचे सेक्रेटरी आले. निवृत्त माणूस, गुडघ्याला पट्टा, बोलायला फार गोड. खुर्चीवर बसले, उठले, परत बसले.

"तुमच्या ताईंची कार्डं आमच्या साइटवर आहेत. सगळी अकरा."

"हो."

"शनिवारी बैठक आहे. काढून टाकावीत असं बहुतेकांचं मत पडतंय. एक आकडा असा निघाला, मग बाकीच्यांवर भरवसा कसा ठेवायचा? लोक कुटुंबाला घेऊन जातात त्या रस्त्यांवर." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माणूस आहे, चूक होते. आम्ही तसं कुठे लिहिणार नाही. गुपचूप काढू."

गुपचूप. नऊ वर्षं ती उन्हात स्टुलावर बसली होती. तिच्या डाव्या हाताचा अंगठा बटण दाबून दाबून जरा वाकडा झाला होता. तेही गुपचूप जाणार होतं, आणि मी त्यांना चहा विचारला. बोललो काय तर, चहा घेणार का.

ते गेले आणि तासाभराने पोलीस चौकीतून ताईची सायकल आली. दाजीच घेऊन आले, टेम्पोत घालून. पुढचं चाक कागदासारखं दुमडलेलं. मागचा भाग धड होता. मागच्या कॅरियरला दोरीने स्टूल बांधलेलं होतं.

स्टूल.

फिरायला जाताना कोण स्टूल नेतं?

मी गाठ सोडली. तिचीच गाठ, ओढली की सुटणारी. सीटखालच्या पिशवीत पंक्चरचं सामान, एक ओला होऊन वाळलेला रुमाल, आणि ते यंत्र. काचेवर चरा पडलेला. आकडा तेवीस.

म्हणजे ती फिरायला गेलीच नव्हती. मोजायला गेली होती. माझा मंगळवार मोजायला. तास पूर्ण करून, तेवीस घेऊन ती उतरत होती.

मग आठवलं. ती गेली त्याच्या आदल्या दिवशी एक गिऱ्हाईक सायकल धुवायला देऊन गेलं होतं, अकरा नंबरवरून आलेलं. ताईने रिमवरून बोट फिरवलं होतं. बोट पांढरं झालं. तिने बोटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी ब्रेकची वायर कापत होतो. मग तिने बोट फडक्याला पुसलं.

"दाजी," मी म्हणालो. "तो चार माझा होता. ताईचा नव्हता. मी मंगळवारी गेलोच नव्हतो. घरबसल्या सांगितला."

दाजी दुमडलेल्या चाकाचे आरे एकेक करून सोडवत होते. हात थांबला नाही.

"माहितीये."

"काय माहितीये?"

"त्या सकाळी म्हणाली मला. बारक्याचा आकडा पटत नाही, बघून येते."

"मग मला का नाही म्हणाली?"

"मी म्हटलं तिला, त्यालाच विचार की. तर म्हणाली, राहू दे. खरंच चार निघाले तर उगाच पोराचं मन दुखायचं."

मी खाली बसलो. फरशी गार होती एवढंच कळत होतं.

"दोन महिने तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो. "लोक तिला काय काय म्हणाले. तुम्ही बोलला का नाहीत?"

आता हात थांबला. "मी बोललो असतो तर ती चुगली झाली असती. तू बोललास तर ते वेगळं." मग म्हणाले, "रोज येऊन बसत होतो. आज बोलेल, आज बोलेल. इंजिनसुद्धा इतका वेळ घेत नाही रे, बारक्या."

मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त आरा बाजूला ठेवला आणि रडले. आवाज न करता, चेहरा तसाच ठेवून, जसा एखादा नळ ठिबकतो. मी उठून पाणी द्यायला हवं होतं. दिलं नाही.

आईला त्याच संध्याकाळी सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. मग म्हणाली, "तरीच. माझी पोरगी चार लिहिणार नाही." आणि आत गेली. त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. ताट वाढते, बोलत नाही.

सेक्रेटरींना फोन केला. सगळं सांगितलं, मॅचसकट. मग म्हणाले, "हे शनिवारी येऊन सगळ्यांसमोर बोलाल?" म्हटलं, बोलेन. बोललो. दहा कार्डं राहिली. कोणी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, ते बरं झालं.

काल मंगळवार होता. स्टूल घेऊन चौथ्या वळणावर गेलो. दाजी आपणहून आले, सायकल ढकलत, धापा टाकत. कडेच्या दगडावर बसले. सकाळचे नऊ. खाली धक्का काडेपेटीएवढा. पानं पांढरीफटक.

यंत्रावर तेवीसच होते. शून्य करायची कळ बाजूला असते. मी तिला हात लावला नाही. चोवीसपासून सुरू केलं.

"त्या दिवशी सकाळी ती," दाजी म्हणाले, आणि डंपर आला. धूळ उडाली. मी बटण दाबलं. धूळ बसायची वाट बघितली.

"हां, दाजी. ती काय?"

"ती निघताना मला..." दुसरा आला. ब्रेकचा आवाज सगळ्या डोंगरात घुमला. दाजींचे ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही.

"काय म्हणालात?"

त्यांनी परत सुरुवात केली. परत आला.

तास संपला तेव्हा आकडा त्रेपन्न होता. माझे तीस. दाजींचं वाक्य शेवटपर्यंत पूर्ण झालं नाही, आणि घरी आल्यावर मी विचारलं नाही.

दुकानात आल्या आल्या, हात न धुता कार्ड खिळ्यावरून काढलं. मागच्या चारवर काट मारली. शेजारी तीस लिहिलं, तारीख, वार. ताईची सही खोडली आणि खाली माझी केली. मग कार्ड परत खिळ्याला लावलं, मागची बाजू पुढे करून.