खोडलेले बुडबुडे

"बुडबुडे नको काढूस. मेणबत्ती काढ, ग्लास काढ, पाणी काढ," असं म्हणत लीनानं कुणालच्या वहीतले चार गोल खोडरबरानं पुसून टाकले.

"पण आले होते, काकू," पाच वर्षांचा कुणाल म्हणाला.

"आले असतील. ते कामाचे नाहीत."

कोलकात्यात डमडम विमानतळाजवळच्या त्या फ्लॅटमध्ये जेवणाचं टेबल हीच शाळा. चार वर्षांपूर्वी लीनानं नूपुरला शाळेतून काढलं, सलीलला घातलंच नाही, तेव्हा अख्खं सासर हसलं होतं. तिची पद्धत साधी. प्रयोग एकच, कामं वयाप्रमाणे. धाकट्यानं चित्र काढायचं, मधल्यानं मोजायचं, मोठ्यानं कारण लिहायचं. नूपुर आता तेरा वर्षांची, सलील नऊचा. आणि धाकटा म्हणजे हा कुणाल, दिराचा मुलगा. दिराची महिन्यापूर्वी कोलकात्याला बदली झाली, तशी कुणालची आईही आली. जान्हवी. फिजिक्समध्ये एम.एस्सी.

लीनाचं बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाला लग्नात बुडालं. त्याबद्दल कुणी हळहळलं नाही. जान्हवीचा पदवी घेतानाचा फोटो मात्र सासूबाईंनी शोकेसमध्ये लावला आणि तो पुसायचं काम लीनाकडे आलं. वर ही जान्हवी गोड. भांडायलाही जागा ठेवत नव्हती.

आज जान्हवी सॉल्ट लेकच्या आपल्या घरून मुलाला न्यायला लवकर आली आणि चहाचा कप घेऊन टेबलाशीच बसली.

"सलील, पाणी किती चढलं?" लीनानं विचारलं.

"दोन सेंटीमीटर," सलीलनं पट्टी न लावताच सांगितलं.

पाण्याच्या बशीत जळती मेणबत्ती, तिच्यावरचा उपडा ग्लास दहा सेंटीमीटरचा, त्याचा पाचवा हिस्सा दोन. हवेतला प्राणवायू पाचवा हिस्सा. मेणबत्तीनं तो संपवला, त्याची जागा पाण्यानं घेतली. दर वर्षी हा प्रयोग व्हायचा आणि उत्तर हेच यायचं. यायचं कसलं, आईला हवं म्हणून पोरगा आणायचा.

"वहिनी, एक गंमत करू?" जान्हवी म्हणाली. "तीन मेणबत्त्या लावून बघू."

पोरांसमोर नाही कसं म्हणणार? बशीत तीन मेणबत्त्या लागल्या, त्यांच्यावर तोच ग्लास उपडा झाला. ज्योती विझल्या, पाणी चढत गेलं. या वेळी सलीलनं खरंच पट्टी लावली.

"ओरे बाबा. साडेचार."

"ग्लास तोच, प्राणवायू तेवढाच. मग पाणी जास्त का?" जान्हवीनं विचारलं.

"बुडबुडे जास्त आले," कुणाल म्हणाला.

"बरोब्बर. ग्लास ठेवतानाच आतली हवा तापून फुगते आणि खालून बाहेर पळते. ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते. म्हणून पाणी वर."

सलीलनं आपली खुर्ची जान्हवीकडे ओढली. फरशीवरचा तो आवाज लीनानं ऐकला. चार वर्षं आपण घसा कोरडा करायचा आणि हिनं एका कप चहात पोरगा न्यायचा.

सोफ्यावरून लीनाच्या नवऱ्यानं, जयंतनं, मोबाइलमधून डोकं वर काढलं. "मग विज्ञान जान्हवीकडेच देऊन टाकू ना. तू आपली मराठी बघ."

देऊन टाकू. जुन्या साड्या देऊन टाकतात तसं.

तेवढ्यात वरून विमान गेलं. अशा वेळी डमडमची माणसं वाक्य अर्ध्यावर ठेवतात. जान्हवीला अजून सवय नव्हती, ती बोलत राहिली. तिचे ओठ हलताना दिसले. लीना उठून स्वयंपाकघरात गेली.

मागोमाग नूपुर आली.

"दर वर्षी कारण तू लिहायचीस," लीना म्हणाली. "प्राणवायू संपला, म्हणून. तुलाही कधी शंका आली नाही?"

नूपुर ओट्यावरचं पाणी बोटानं पसरवत राहिली. "मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वीच वाचलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू केवढी खूश व्हायचीस, आई."

जान्हवीवर जळणं सोपं होतं. ते लीनाला नीट जमत होतं. पण पोटची पोर दोन वर्षं आपल्याला सांभाळून घेत होती, याचा राग कुणावर काढायचा?

ती बाहेर आली. कपाटातून तिनं सलील पाच वर्षांचा असतानाची त्याची वही काढली आणि टेबलाशी बसली.

"जान्हवी, विज्ञान मीच शिकवणार," ती म्हणाली. "तुला यायचं तर शनिवारी ये. आणि पोरांनो, मी चार वर्षं चुकीचं शिकवलं. नूपुर, नवीन कारण लिही. कुणाल, बुडबुडे किती होते?"

"आधी चार."

"मग चार काढ."

जयंत काहीतरी म्हणणार होता. तिनं त्याच्याकडे बघितलंच नाही.

सलीलची खुर्ची अजून जान्हवीशेजारीच होती.

लीनानं जुनी वही उघडली. मेणबत्ती, ग्लास, पाणी. आणि ग्लासाच्या काठाशी खोडरबरानं घासून पांढरी पडलेली जागा. सलीललाही बुडबुडे दिसले होते. तिनं पेन्सिल घेतली आणि कागदावर राहिलेल्या पुसट वळांवरून एक गोल गिरवला. मग दुसरा. तिसऱ्या ठिकाणी तेव्हा इतकं जोरात खोडलं होतं की कागदच फाटला होता. त्या भोकावर पेन्सिल धरून ती बसून राहिली.