दूध कुणाचं

उन्हाळी पाहुणे गेले की बल्गेरियाच्या किनाऱ्यावरच्या सोझोपोलमध्ये माणसांपेक्षा मांजरं जास्त दिसतात. खानावळींच्या खुर्च्या उलट्या होतात, गल्लीतला तळलेल्या माशांचा वास विरतो, आणि झोर्नित्साच्या प्राण्यांच्या दवाखान्यात खोकी यायला लागतात. फळांची खोकी, बुटांची खोकी. आत कुणीतरी म्यावम्याव करत असतं.

त्या दिवशी समुद्रावरून असं धुकं चढलं होतं की भरदुपारी दिवा लावावा लागला. देस्पिनाकाकू दारातूनच बोलत आत आल्या. बंदराच्या वरच्या अंगाला त्यांच्या भाड्याच्या खोल्या होत्या. जीभ अशी की पाहुणे भाडं देऊन वर माफीही मागत.

"घे बाई तुझी गिऱ्हाइकं," त्यांनी टोपली टेबलावर ठेवली. "दोन आहेत. तिसरं काल औषधाच्या दुकानातली कालिना घेऊन गेली. तिच्याकडे तो म्हातारा बोका आहे ना, म्हणून मला म्हणते, आधी तपासून दे, रोगबीग नको. आणि मी चप्पल घालेपर्यंत पिल्लू उचलून चालतीसुद्धा झाली. न्हाणीघरात वेगळं ठेवते म्हणाली."

झोर्नित्साने पिल्लं बाहेर काढली. एक राखाडी, एक पांढऱ्या पायांचं. डोळे स्वच्छ, हिरड्या गुलाबी, पोटं तट्ट. तिने कान पाहिले, बारीक कंगव्याने पिसवा शोधल्या, ताप मोजला, शी काचेवर घेऊन जंतांची अंडी आहेत का ते पाहिलं. सगळं छान. इतकं छान की तिला कौतुक वाटलं. टोपलीतली पिल्लं सहसा अशी नसतात. आणि दोघांच्या कपाळावरची लव ओलसर होती, एकाच दिशेला बसलेली.

"काकू, जरा धरा याला. थेंबभर रक्त घेते."

सुई टोचताच पिल्लू किंचाळलं आणि झोर्नित्साच्या मागून कुणीतरी फिस्कारलं. जवळून, मोठ्यांदा. ती गर्रकन वळली. मागे औषधांचं कपाट होतं, बस्स.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"तुम्ही ऐकलं नाहीत?"

काकूंनी भुवया उंचावून मान वर उडवली. नाही.

तिने रक्ताचा थेंब चाचणीच्या पट्टीवर टाकला. ल्युकेमियाच्या बाजूला एकच रेघ आली. दुसऱ्या बाजूला दोन. पांढऱ्या पायांच्या पिल्लाचंही तेच.

"ही दुसरी रेघ वाईट," झोर्नित्सा म्हणाली. "मांजरांचा एक आजार आहे, अंगातली लढायची ताकद खाऊन टाकतो. माणसांना लागत नाही, घाबरू नका. पण एवढ्या लहान पिल्लांच्या रक्तात आईच्या पहिल्या दुधातूनही ही खूण येते. रोग यांना आहे की नुसता आईला, ते आज नाही सांगता येणार. आईला घेऊन या, तिचं रक्त बघू."

"आई अंजिराखाली आहे."

"मग पकडा ना. पिंजरा देते मी."

"अगं, अंजिराखाली म्हणजे मातीखाली. मासळीच्या गाडीने उडवली माझ्या सिव्काला. ही पोरं आठवड्याचीसुद्धा नव्हती. मीच पुरली, झाले की पंधरा दिवस."

झोर्नित्साचा हात पिल्लाच्या तट्ट पोटावर होता, तो तिथेच राहिला.

"मग यांना दूध कोण पाजतंय?"

"मला वाटलं, तू सांगशील." काकूंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी बाटली लावून पाहिली, तोंड फिरवतात. म्हटलं, शेजारची एखादी मांजरी येत असेल. पण ही असतात त्या कोठीला खिडकी नाही, आणि दाराला मी कुलूप घालते, मुंगसाएवढं ते जनावर येतं ना, कोंबड्या नेणारं, त्याच्या भीतीने. रोज सकाळी उघडते, तर ही अशी. पोटं भरलेली, अंग चाटलेलं."

"काकू, कुठेतरी भोक असणार भिंतीला."

"असणार," काकू म्हणाल्या. पण त्या तिच्याकडे बघत नव्हत्या.

झोर्नित्साने पिल्लं दिवसभर ठेवून घेतली. मागच्या खोलीत पिंजरा होता, त्याला दार, खोलीला दार, आणि त्या दारात वर एक छोटी काच. तिने दोघांना तोललं, आत ठेवलं, कडी लावली आणि चीज भरलेल्या बनित्साचा तुकडा खाऊन घेतला. परत येऊन तोललं, तर दोघंही जड झाली होती.

ती स्वतःशीच हसली. काटा बिघडला असेल. तिने त्यावर डबाबंद खाण्याचा एक डबा ठेवला. डब्यावर छापलेल्या वजनाला काटा बरोबर थांबला. मग तिने राखाडी पिल्लाचं तोंड उघडलं. जिभेवर दूध होतं. तिने कापसावर टिपून काचेवर घेतलं, भिंगाखाली धरलं. बारीक गोल थेंबच थेंब. दूधच. पिंजऱ्यातल्या दुलईवर पिल्लांच्या शेजारी एक खळगा पडला होता, मोठ्या मांजराच्या अंगाएवढा. तिने तळहात ठेवला. ऊब होती.

तेवढ्यात कालिना आली, दुकानाचा पांढरा डगला अंगावर तसाच. रुमालात काळं पिल्लू.

"डॉक्टर, हे मरेल हो! कालपासून थेंब घेत नाही. दाराकडे तोंड करून नुसतं ओरडतं. माझा बोका पलंगाखाली जाऊन बसलाय, त्यालाही चैन नाही."

पिल्लाची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. पोट खपाटीला गेलेलं. झोर्नित्साने बाटली लावली. दूध ओघळून गेलं. सुईने कातडीखाली पाणी सोडावं म्हणून ती वळली, आणि मग, का ते तिला कधीच सांगता आलं नाही, तिने पिल्लू नेऊन भावंडांशेजारी ठेवलं. कडी लावली. दोघी काचेपाशी उभ्या राहिल्या.

काळं पिल्लू आंधळ्यासारखं डोकं हलवत ओरडत होतं. मग त्याची मान मागून उचलल्यासारखी वर झाली, पाय लटकले, आणि ते हातभर सरकून खळग्याशेजारी टेकलं. ओरडणं थांबलं.

तिन्ही पिल्लं कुशीवर ओळीत पडली होती. तोंडं हवेत लागलेली. पुढचे पंजे हवेला दाबत होते, आळीपाळीने, उजवा, डावा, आणि प्रत्येक घोटाबरोबर कान मागे पडत होते. काळ्याच्या कपाळावरची लव एकदा चपटी झाली. पुन्हा झाली. ओली झाली.

कालिनाने छातीवर क्रॉस काढला. "मी याला परत मागणार नाही," ती पुटपुटली आणि डगल्याची बटणं चुकीची लावत निघून गेली.

देस्पिनाकाकू आल्या तेव्हा झोर्नित्सा अजून काचेपाशीच होती. तिने काही न लपवता सांगितलं. तिला वाटलं, म्हातारी ओरडेल, निदान खाली बसेल. काकू काचेतून बघत कुजबुजल्या, "मूर्ख कुठली. जिवंत होती तेव्हा दोन वेळा पोरांना टाकून मासे खायला पळाली होती."

मग त्यांनी डोळे पुसले आणि नेमका तोच प्रश्न विचारला, जो झोर्नित्सा मघापासून स्वतःला विचारत होती.

"पण ती आजारी होती म्हणतेस ना? मग तिचं दूध यांना चालेल?"

जिवंत आई असती तर झोर्नित्साने पिल्लं त्याच मिनिटाला तोडली असती. आजार दुधातून उतरू शकतो. पण इथे तोडायचं कुणापासून? आणि तोडलेलं पिल्लू तिने आत्ताच हातात धरलं होतं. असलं काही तिला कुठल्याच वर्गात शिकवलेलं नव्हतं.

"तिघांना एकत्र ठेवा," ती शेवटी म्हणाली. "दात येईपर्यंत. एकालाही वेगळं करू नका. खिमा समोर ठेवत जा. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त बघू. आईची खूण असेल तर पुसली जाईल."

"आणि नसेल तर?"

"तर चूक माझी."

काकूंनी टोपली उचलली. दाराशी त्या थबकल्या, म्हणाल्या, "चल गं," आणि ते झोर्नित्साला उद्देशून नव्हतं.

नोव्हेंबर सरता सरता त्यांचा फोन आला. "ती त्यांना मारायला लागलीय! काळ्याच्या नाकावर ओरखडा आहे. जवळ गेली की भेलकांडून पडतात."

"दात लागत असतील तिला," झोर्नित्सा म्हणाली. "दूध तोडतेय. खिमा खातात का?"

"राक्षसासारखा."

त्यानंतर कोठीत काही घडलं नाही. पिल्लं वाढली, पडदे फाडले, देस्पिनाकाकूंच्या शिव्या खाल्ल्या. हिवाळाभर झोर्नित्सा मात्र नीट झोपली नाही. बाजारात काकू दिसल्या की आधी ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघे.

वसंतात तिन्ही आली तेव्हा टोपलीत मावत नव्हती. तिने एकेकाचं रक्त घेतलं. या वेळी मागून कुणी फिस्कारलं नाही. काकू टेबलाची कड धरून उभ्या होत्या. पट्टीवर एक रेघ उमटली. दोघी वाट बघत राहिल्या. दुसरी आली नाही. तिन्ही पट्ट्यांवर नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे तिने यांना काही दिलं नाही. दुधाशिवाय."

काकूंनी झोर्नित्साचं डोकं दोन्ही हातांत धरून कपाळाचा मुका घेतला आणि मग लगेच टोपलीवर खेकसल्या.

पांढऱ्या पायांचं पिल्लू बुर्गासच्या एका शिक्षिकेने नेलं, राखाडी आणि काळं काकूंकडेच राहिलं. कालिना अजून त्या गल्लीने जात नाही.

झोर्नित्साने या गोष्टीची कुठे चर्चा केली नाही. खोकी अजून येतात, आत बिनआईची पिल्लं असतात, आणि ती त्यांना तोलून, तपासून मागच्या खोलीत नेते. फक्त पिंजऱ्याचं दार ती लगेच लावत नाही. मागून कुणी येत असलं की आपण दार धरून थांबतो, तशी क्षणभर थांबते, आणि मग कडी घालते.