सासूबाईंचा बिल्ला

"आणि चुकीचं वाचलं तर धरायचं कुणाला? तुम्हाला, मशीनला की गाईला?"

मशीनवाल्याने अजून खोकंही धड उघडलं नव्हतं. तो हसला, पण वहिनी हसल्या नाहीत. खोक्याची चिकटपट्टी मध्येच कुणी उकलून परत चिकटवली आहे का, हे त्यांनी चारही बाजूंनी पाहून घेतलं आणि मगच कात्री पुढे केली.

दुग्धशाळेच्या भांडाराचा कारभार वहिनींकडे होता. पेंडीचं पोतं आलं की ते काट्यावर दोनदा चढायचं. शेजारीण साखर परत द्यायला आली तरी वहिनी आधी वाटीत डोकावायच्या. स्वभावच तसा, त्याला इलाज नाही. त्यांचे यजमान म्हणजे सगळ्या गोठ्याचे दादा. ते म्हणायचे, "हिच्यापुढे आरसा धरला तर ही आधी त्याच्यामागे कोण लपलंय ते बघेल."

दादा गेले, त्यांच्या जागी वहिनी कामाला लागल्या, आणि दादांचा जाड निळा कोटही त्यांच्या अंगावर आला. तो त्यांच्या गुडघ्यांच्या खाली यायचा आणि बाह्या दुमडाव्या लागायच्या, पण दुग्धशाळेच्या साहेबांनी नवा देऊ केला तर वहिनींनी साफ नाही म्हटलं. कोटाचा उजवा खिसा फाटलाय, दोन टाके घाल, असं दादा किती दिवस म्हणत होते. उद्या घालते, उद्या घालते, असं चाललं होतं. ते टाके शेवटी दादा गेल्यावर पडले, आणि असे घट्ट पडले की सुईसुद्धा पुन्हा शिरू नये.

दादांचा धाकटा भाऊ याच गोठ्यात धारा काढायचा. तो वहिनी म्हणायचा, म्हणून साहेबांपासून सगळेच वहिनी म्हणत.

मशीन म्हणजे एक जाडसर दांडा होता, वर छोटा पडदा, खाली बटण. मशीनवाल्याने ते आधी चार्जिंगला लावलं, मग साहेबांच्या फोनशी जोडलं आणि फोनमधली गाईंची जुनी यादी त्यात उतरवली. "गाईच्या कानात जो गोल बिल्ला आहे, त्याच्यापासून वीतभर अंतरावर धरायचं आणि बटण दाबायचं. टुंग वाजलं की पडद्यावर नाव येतं. लोखंडी गजाला चिकटवू नका. आणि दोन बिल्ले शेजारी आले तर जो जवळ असेल तोच वाचला जाईल, एवढं मात्र ध्यानात ठेवा."

वहिनींनी ध्यानात ठेवलं नाही. त्या वेळी त्या खोक्याच्या तळाशी काही राहिलंय का ते चाचपत होत्या.

मशीनवाला गेला आणि मोजणी सुरू झाली. भाऊजी एकेका गाईची म्होरकी धरून मान वर करत होते, वहिनी कानाशी दांडा नेत होत्या. टुंग, टकली. टुंग, ठमी. टुंग, मोठी. मशीन एकदाही चुकेना, तसा वहिनींचा त्याच्यावरचा अविश्वास वाढत चालला.

मग भुरी आली. गोठ्यातली सगळ्यात दुधाळ गाय आणि तितकीच खादाड. तिने तोंड गव्हाणीत खुपसलं ते वर काढीचना.

"वहिनी, तुम्हीच वाका जरा," भाऊजी म्हणाले. "खाताना हिला साहेबांनी बोलावलं तरी ही मान वर करायची नाही."

वहिनी वाकल्या. दांडा खाली गेला. टुंग.

पडद्यावर आलं : सासूबाई. मृत.

सासूबाई ही गोठ्यातली जुनी गाय. सगळ्यांना ढुशा देत पुढे जायची, म्हणून दादांनीच तिचं हे नाव ठेवलं होतं. ती आजारी पडून मेली त्याला वर्ष होऊन गेलं होतं. वहिनींनी पुन्हा वाकून बटण दाबलं. पुन्हा सासूबाई, पुन्हा मृत. त्यांच्या मनात पाल चुकचुकली, आणि वहिनींच्या मनातली पाल एकदा चुकचुकायला लागली की लवकर थांबत नसे.

जनावर मेलं की कानातला बिल्ला कापून कचेरीत जमा करायचा, असा नियम होता. सासूबाईंचा बिल्ला दादांनी स्वतः कापला होता. भाऊजी तेव्हा शेजारी उभे होते. संध्याकाळी पाहतात तर बिल्ला गायब. दादांनी गटार उपसलं, पेंढ्याची गंजी उलटीपालटी केली, पण मिळाला नाही. त्या वेळी वहिनी त्यांना म्हणाल्या होत्या, "सगळीकडे शोधता, एकदा भाऊजींना विचारा की." दादा तेव्हा जे चिडले, तसे आयुष्यात कधी चिडले नव्हते. पुढे थोड्याच दिवसांत दादाच राहिले नाहीत.

आता वहिनींच्या डोक्यात सगळं जुळत गेलं. भुरी मध्यंतरी महिनाभर पलीकडच्या कुरणावर होती, भाऊजींच्या ताब्यात. खरी भुरी तिथूनच परस्पर विकली असणार. तिच्यासारखीच दिसणारी दुसरी गाय आणून बांधली आणि तो हरवलेला बिल्ला तिच्या कानात ठोकला. मान वर करायची नाही म्हणे! मान वर केली तर चोरी उघडी पडेल ना! वहिनींना रात्रभर झोप लागली नाही. आणि खरं सांगायचं तर त्यांना वाईट वाटत होतंच, पण आपण बरोबर होतो याचं थोडं समाधानही वाटत होतं.

सकाळी त्यांनी साहेबांना गाठलं आणि भुरी परस्पर विकली गेली आहे म्हणून सांगितलं. साहेब आले. भुरीला खोड्यात घालून तिची मान वर बांधली गेली, आणि वहिनींनी सगळ्यांदेखत दांडा तिच्या कानाशी नेला.

टुंग. भुरी.

"भुरीच दाखवतंय की, वहिनी," साहेब म्हणाले.

"आज दाखवतंय. काल दाखवत नव्हतं." वहिनी मागे हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. "मधल्या वेळात बिल्ला बदलायला गोठ्यात कोण होतं, ते विचारा."

गोठ्यात रात्रपाळीला भाऊजी होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेण ओढणाऱ्या बाईने फावडं थांबवलं. भाऊजींनी हातातली चरवी खाली ठेवली.

"वहिनी, माझ्याबद्दल बोलताय?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"घ्या की मग. इतकी वर्षं मनातल्या मनात घेताय, आज तोंडाने घ्या."

दादांच्या मागे वहिनींना ही नोकरी मिळावी म्हणून साहेबांच्या दारात दिवसदिवस जाऊन बसले होते ते हेच भाऊजी. ते त्यातलं अक्षर बोलले नाहीत. साहेबांची पंचाईत झाली. दुधाळ गाय विकली गेली म्हणजे पोलिसांपर्यंत जाणारं प्रकरण. शेवटी ते हळूच म्हणाले, "चौकशी होईपर्यंत तू धारांना येऊ नकोस. काही निघालं नाही तर परत घेऊच." भाऊजींनी चरवी विसळली, पालथी घातली आणि ते निघून गेले.

दुपारी वहिनी भांडारात एकट्याच होत्या. मशीन चार्जिंगला लावायचं होतं. पेंडीच्या पोत्यावर बसून त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि चालू आहे की बंद हे पाहायला बटण दाबलं.

टुंग. सासूबाई. मृत.

वहिनींनी आधी मागे बघितलं, मग पोत्यांच्या आड बघितलं. मशीन टेबलावर ठेवून बटण दाबलं तर काहीच वाजलं नाही. पुन्हा मांडीवर घेतलं, टुंग. डॉक्टर नळी फिरवतो तसा त्यांनी दांडा सावकाश अंगावरून फिरवला. छातीशी गप्प. पोटाशी गप्प. कोटाच्या उजव्या कोपऱ्याशी नेला आणि ते वाजलं. कोपरा चिमटीत धरला तर जाड शिवणीच्या आत, अस्तरात, नाण्याएवढं काहीतरी गोल लागलं.

फाटक्या खिशातून घसरून खाली गेलं होतं. आणि वर त्यांनीच टाके घालून वाट बंद केली होती.

दादा गटाराकाठी गुडघे टेकून शोधत होते ते हाच कोट घालून. बिल्ला त्यांच्याच गुडघ्याला लागत होता, आणि त्या वेळी आपण वर उभं राहून त्यांच्या भावाचं नाव घेत होतो. दोन टाके घाल, एवढंच तर ते म्हणत होते. वहिनींना रडू फुटलं. दादा गेले तेव्हाही त्या अशा रडल्या नव्हत्या.

कात्री समोरच होती. बिल्ला काढून गटारात टाकला असता तर कुणाला कळलंही नसतं. तो काढून साहेबांपुढे ठेवावा, असंही मनात आलं. पण मग लोक म्हणतील, हिनेच कुठून तरी आणला असेल. वहिनींनी स्वतः तसंच म्हटलं असतं. त्यांनी कोटाला हात लावला नाही. तशाच उठल्या आणि भाऊजींच्या दारात गेल्या.

भाऊजी पायरीवर बसून दावं वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"भाऊजी, गोठ्यात चला. साहेब तिथेच आहेत."

"आता आणखी काय सापडलं?"

"चोर सापडला."

संध्याकाळच्या धारांची वेळ होती. नव्या माणसाच्या हाताला गाई दूध देईनात, त्यामुळे साहेब आधीच वैतागलेले. वहिनी गोठ्याच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि मशीन भाऊजींच्या हातात दिलं.

"मला वाचा."

"काय?"

"कोटाच्या या कोपऱ्याशी धरा आणि दाबा. साहेब, तुम्ही पडद्याकडे बघा."

टुंग वाजलं. साहेबांनी पडदा वाचला, वहिनींकडे बघितलं, पुन्हा वाचला. वहिनींनी कात्रीही भाऊजींच्याच हातात दिली. त्यांनी शिवण उसवली. पिवळा गोल बिल्ला त्यांच्या तळहातावर पडला, त्याला गाईचे दोन केस अजून चिकटलेले होते.

"काल मी वाकले तेव्हा हा मशीनजवळ आला," वहिनी म्हणाल्या. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "भुरीचं काही नाही, भाऊजींचं तर नाहीच. चूक माझी."

भाऊजी बिल्ल्याकडे बघत राहिले. "दादाने किती शोधला हा," ते एवढंच म्हणाले.

"तेव्हाही मी तुमचंच नाव घेतलं होतं."

"माहीत आहे. दादाने सांगितलं होतं."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"काय बोलायचं? तुम्ही साखरेच्या वाटीवरही संशय घेता. म्हटलं, आपण वाटीच्या रांगेत."

शेणवाली बाई फिस्सकन हसली. वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी पालथी पडलेली चरवी उचलून सुलटी केली आणि भाऊजींपुढे धरली. भाऊजींनी ती घेतली आणि भुरीखाली जाऊन बसले.

बिल्ला कचेरीत जमा झाला. वहिनींनी शिवण पुन्हा घातली, या वेळी अस्तर नीट चाचपून. आता रोज सकाळी मोजणीआधी त्या गोठ्याच्या दारात थांबतात, मशीन भाऊजींकडे देतात आणि दोन्ही हात वर करतात. हा नियम त्यांनीच घातला आहे. येणारेजाणारे हसतात, भाऊजीही मोठ्या रुबाबात दांडा खांद्यापासून खाली फिरवतात आणि म्हणतात, "वहिनी साफ. चला."

फक्त दांडा कोटाच्या उजव्या कोपऱ्याशी आला की वहिनी क्षणभर श्वास धरतात. मशीन वाजत नाही. मग त्या हात खाली घेतात आणि गाईंकडे जातात.